उमेश यादव : विदर्भाचा पहिला कसोटीवीर

नागपूरजवळच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा असलेल्या उमेश यादवच्या हाती लेदर चेंडू आला तो वयाच्या विशीत. तोवर टेनिस चेंडूचे सामने हेच त्याचे क्रिकेट होते. पोलीस भरतीचा प्रयत्नही फसला होता.

२५ ऑक्टोबर १९८७ रोजी जन्मलेल्या उमेशने नोव्हेंबर २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी पदार्पण केले. मे २०१० मध्ये तो झिम्बाब्वेविरुद्ध पहिला एकदिवसीय, तर नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना खेळला. विदर्भाच्या रणजी संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच खेळाडू. २०१५ च्या विश्वचषकात त्याने भारतातर्फे सर्वाधिक १८ बळी घेतले.

भारतीय खेळपट्ट्यांवर फिरकीचे राज्य असते. वेगवान गोलंदाजाच्या वाट्याला मोजकीच षटके येतात. तरीही २०१८ मध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने सामन्यात १० बळी टिपले. मायदेशी असा पराक्रम करणारा कपिलदेव व श्रीनाथ यांच्यानंतरचा तो तिसरा भारतीय वेगवान गोलंदाज ठरला. परदेश दौऱ्यांवर मात्र त्याचे स्थान कधीच पक्के झाले नाही. जून २०२३ मधील ओव्हलवरील सामन्यापर्यंत त्याने ५७ कसोटींत १७० बळी मिळविले.

विदर्भाचे ऋणही त्याने फेडले. जानेवारी २०१९ च्या रणजी उपांत्य सामन्यात त्याने केरळचे १२ फलंदाज अवघ्या ७९ धावांत बाद केले. पुढे विदर्भाने नागपुरातच सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक उंचावला.