सेवामुक्तीच्या कागदावरचा शेरा

श्रोतेहो, सैन्यातून घरी आलेल्या माणसाची आपल्या मनात दोन चित्रे असतात. एक पेन्शन घेऊन गावी परतलेल्या सुभेदाराचे, दुसरे लढाईत जायबंदी झालेल्या जवानाचे. तिसराही एक असतो, त्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. तो उत्साहाने भरती होतो, त्याचे केस कापले जातात, त्याला गणवेश मिळतो आणि सहाव्या-आठव्या आठवड्यात त्याला घरी पाठवले जाते. कोणाचा पायाचा हाड चिरलेला असतो, कोणाचा लहानपणीचा दमा पुन्हा उफाळतो, कोणाचे मन खचते, तर कोणाला शिस्त पेलवत नाही. अमेरिकेत भूदलाचे मूलभूत प्रशिक्षण दहा आठवड्यांचे आणि मरीनचे तेरा आठवड्यांचे असते. ते पुरे न करता दरवर्षी हजारो तरुण-तरुणी परत जातात.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. लढायांच्या तारखांपेक्षा लढाईनंतर उरलेल्या कागदांत मला अधिक रस वाटत आला आहे. आज मी अशाच एका कागदाविषयी बोलणार आहे. अमेरिकी सैनिकाला सेवा सोडताना जो दाखला मिळतो त्याला 'डीडी-२१४' म्हणतात. १९५० पासून तो वापरात आहे. त्यात चोविसाव्या चौकटीत सेवेचा दर्जा लिहिलेला असतो, सत्ताविसाव्या चौकटीत पुन्हा भरती होता येईल की नाही याची खूण असते आणि अठ्ठाविसाव्या चौकटीत सेवामुक्तीचे कारण. आपल्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर हा शेरा. माणूस सैन्यात साठ दिवस राहिला असला तरी हा शेरा त्याला साठ वर्षे पुरतो. नोकरी मागताना, कर्ज काढताना, दुसऱ्या दलात भरती होऊ पाहताना तो पुढे ठेवावा लागतो. मग एक प्रश्न उभा राहतो. हा शेरा कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला आणि तो चुकीचा असेल तर दाद कोणाकडे मागायची? शंभराहून अधिक वर्षे हा प्रश्न अमेरिकेत विचारला जात आहे.

सुरुवात १९०६ पासून करू. टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सरहद्दीवर ब्राउन्सव्हिल नावाचे गाव आहे. तिथल्या छावणीत पंचविसाव्या इन्फंट्रीचे कृष्णवर्णीय सैनिक नुकतेच येऊन राहिले होते. १३ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या सुमारास गावात गोळीबार झाला. त्यात दारूच्या गुत्त्यातला एक नोकर मेला आणि एक पोलीस अधिकारी जखमी झाला. गावाने सैनिकांकडे बोट दाखवले. सैनिकांचे गोरे अधिकारी सांगत होते की माणसे त्या वेळी बराकीत होती, पण त्यांचे कोणी मनावर घेतले नाही. कोणीही गुन्हा कबूल केला नाही, कोणीही दुसऱ्याचे नाव घेतले नाही. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ सैनिकांना एकाच हुकुमाने 'सन्मानाविना' काढून टाकले. खटला झाला नाही, सुनावणीही झाली नाही. काहींची नोकरी वीस वर्षांवर गेलेली होती. त्यांची पेन्शन गेली आणि सरकारी नोकरीचे दारही बंद झाले.

सिनेटर फोरेकर यांनी त्यांची बाजू लावून धरली. पुढे १९१० मध्ये चौकशी मंडळाने अवघ्या १४ जणांना परत भरती होण्याची मुभा दिली. बाकीच्यांचा शेरा तसाच राहिला. १९७० साली जॉन वीव्हर यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहिले. ते वाचून काँग्रेस सदस्य ऑगस्टस हॉकिन्स यांनी विधेयक आणले आणि १९७२ मध्ये सैन्याने सर्वांची सेवामुक्ती 'सन्मानपूर्वक' ठरवली. मध्ये ६६ वर्षे गेली होती. डॉर्सी विलिस तेव्हा हयात होते. त्यांनी मिनियापोलिसमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ लोकांचे बूट चमकावून पोट भरले होते. १९७३ साली त्यांना २५ हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली. आपला गुन्हा काय होता, हे आयुष्यभर त्यांना कोणी सिद्ध करून दाखवले नाही.

पुढचा टप्पा दुसऱ्या महायुद्धाचा. तेव्हा अमेरिकी भूदलात एक निळा कागद दिला जाई. तो सन्मानाचा नव्हता आणि अपमानाचाही नव्हता. लष्करी न्यायालयासमोर उभे न करता कोणाला काढायचे असेल, तर वरिष्ठ हा कागद हातात ठेवत. १ डिसेंबर १९४१ ते ३० जून १९४५ या काळात असे ४८,६०३ निळे कागद वाटले गेले. त्यांपैकी १०,८०६ कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आले, म्हणजे बावीस टक्क्यांहून अधिक. सैन्यात त्यांचे प्रमाण होते साडेसहा टक्के. समलिंगी असल्याच्या संशयावरूनही अनेकांना हाच कागद मिळाला. कागदावर दोष लिहिलेला नसे, पण मालक निळा रंग पाहूनच दार लावून घेत. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९४७ च्या जुलैपासून निळा कागद बंद झाला. त्याच्या जागी 'सर्वसाधारण' आणि 'अनिष्ट' असे दोन शेरे आले.

याच काळात दाद मागण्याची दारे पहिल्यांदा उघडली. २२ जून १९४४ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 'जीआय बिल' या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायद्यावर सही केली. परतलेल्या सैनिकांचे शिक्षण आणि घरांसाठीची कर्जे यांमुळे तो सर्वांना माहीत आहे. त्यातच सेवामुक्तीचा फेरविचार करणारी मंडळे नेमण्याची तरतूद होती. तोवर एखाद्या सैनिकाची नोंद दुरुस्त करायची तर त्याच्यासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयक आणावे लागे. अशा विधेयकांचा ढीग साचला होता. १९४६ च्या कायद्याने ती बंद केली आणि प्रत्येक दलासाठी मुलकी सदस्यांचे नोंद दुरुस्ती मंडळ आणले. आजही हीच दोन दारे मुख्य आहेत.

पण शेरा कशाच्या आधारे द्यायचा, हे ठरायचे होते. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीने भरती झालेल्या हार्मन आणि अब्रामोविट्झ या दोघांची सैन्यातली वर्तणूक चांगली होती. तरीही भरतीपूर्वीच्या कथित राजकीय संबंधांवरून त्यांना सन्मानपूर्वकपेक्षा खालचा शेरा मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ मार्च १९५८ रोजी न्यायालयाने सांगितले की, शेरा सैन्यातल्या सेवेच्या नोंदीवरच आधारलेला असला पाहिजे, त्याआधीच्या आयुष्यावर नव्हे. लष्करी मंत्र्याने अधिकाराची हद्द ओलांडली असेल, तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, हेही त्याच निकालाने स्पष्ट झाले.

यानंतरही छुपी वाट उरलीच. दाखल्यावर कारणाचा एक सांकेतिक क्रमांक छापलेला असे. सैनिकाला त्याचा अर्थ ठाऊक नसे, पण अनेक कंपन्यांकडे त्या क्रमांकांची यादी असे. १९७४ मध्ये सैनिकाच्या हाती पडणाऱ्या प्रतीवर असे क्रमांक छापणे थांबवले गेले. पुढे दाखल्याची एक त्रोटक आणि एक सविस्तर अशा दोन प्रती मिळू लागल्या. पण त्रोटक प्रत दाखवली की समोरचा माणूस सविस्तर प्रत मागतो. लपवलेल्या गोष्टीची शंका येतेच.

आता आपल्या प्रशिक्षणार्थीकडे येऊ. आठ आठवडे राहिलेल्या पोराच्या सेवेचा दर्जा ठरवायचा तरी कशावरून? १९८२ च्या नियमावलीने याला एक समजूतदार उत्तर दिले. पहिल्या १८० दिवसांत सुटणाऱ्यांना बहुधा 'प्रवेश पातळीवरील सेवामुक्ती' द्यायची आणि दर्जाच्या चौकटीत चांगले-वाईट काहीच न लिहिता 'अनकॅरेक्टराइज्ड', म्हणजे 'दर्जा ठरवलेला नाही', एवढेच लिहायचे. गैरवर्तन गंभीर असेल तर वाईट शेरा देता येई आणि कामगिरी खरोखर असाधारण असेल तर मंत्र्यांच्या मंजुरीने सन्मानाचाही. बाकी सगळ्यांसाठी मौन.

हेतू दयेचा होता. परंतु मौनाचाही अर्थ लावला जातो. दाखला पाहणाऱ्याला हा नियम ठाऊक नसतो. 'यांनी काहीतरी केले असणार', असे त्याला वाटते. शिवाय अठ्ठाविसाव्या चौकटीत कारण असतेच. तिथे कधी 'व्यक्तिमत्त्व विकार', कधी 'फसवणुकीने प्रवेश' असे शब्द येतात. दम्याची गोष्ट भरती अधिकाऱ्याला सांगितली होती, त्यानेच ती लिहू नकोस म्हटले, असे सांगणाऱ्या पोराच्या दाखल्यावर 'फसवणूक' हा शब्द पडला, तर दर्जाच्या चौकटीतल्या मौनाचा त्याला काय उपयोग? म्हणून प्रशिक्षणातून परतलेल्यांच्या अर्जांत दर्जाइतकाच भर कारण बदलण्यावर असतो.

दाद कशी मागतात, तेही थोडक्यात सांगतो. फेरविचार मंडळाकडे सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत अर्ज करायचा. तिथे किमान तीन सदस्य असतात. सेवामुक्ती नियमाला धरून होती का आणि ती न्याय्य होती का, हे दोन प्रश्न ते पाहतात. नोंद दुरुस्ती मंडळाकडे चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून तीन वर्षांत जायचे, पण न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत बाजूला ठेवू शकते. अर्जाला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. अडचण वेगळीच आहे. अधिकाऱ्यांनी आपले काम रीतसर केले, असे मंडळ गृहीत धरून चालते. ते चुकीचे आहे हे दाखवण्याचा भार अर्जदारावर असतो. आणि अर्जदार कोण, तर एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याला सहा वर्षे सेवा झाली नसल्यामुळे काढताना बहुधा सुनावणीही मिळालेली नसते.

त्याच्या हाती साधने थोडी. त्याला लेखी सूचना दिली होती का? कामगिरी सुधारायला सांगून संधी दिली होती का? दवाखान्यातल्या नोंदी काय म्हणतात? नियमांत या पायऱ्या आहेत आणि एखादी गाळली गेली असेल तर तीच अर्जाचा कणा ठरते. म्हणून जाणकार सल्ला देतात की आधी आपली पूर्ण फाइल मागवा आणि मग अर्ज लिहा. या फाइलींचे मोल अमेरिकेला एका आगीने शिकवले. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या राष्ट्रीय नोंदणी केंद्रात आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी गेल्या. ज्यांचा शेरा चुकीचा होता त्यांचा पुरावाही त्यात गेला.

अलीकडे मंडळांचा कान थोडा मऊ झाला आहे. २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी आघातोत्तर मानसिक विकाराच्या प्रकरणांत उदारपणे विचार करा, असे सांगितले. २०१७ च्या सूचनांनी त्यात मेंदूची इजा, इतर मानसिक आजार आणि लैंगिक अत्याचार यांचाही स्पष्ट समावेश केला. छावणीत अत्याचार सोसून मन खचलेल्या प्रशिक्षणार्थी मुलीला याचा आधार घेता येतो.

या विषयाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. २००९ पासून अमेरिकी सैन्याने एका योजनेखाली परदेशी डॉक्टर, परिचारिका आणि ठरावीक भाषा जाणणाऱ्यांना भरती केले. त्या भाषांत हिंदी, उर्दू, पंजाबी, तमिळ होत्या. मोबदल्यात नागरिकत्व लवकर मिळणार होते. पुढे सुरक्षा तपासण्या कडक झाल्या, त्या वर्षानुवर्षे रेंगाळल्या आणि जुलै २०१७ ते जुलै २०१८ या वर्षात पाचशेहून अधिक जणांना काढण्यात आले. अनेकांनी प्रशिक्षणाचे मैदानही पाहिले नव्हते. काहींना कारण सांगितले गेले नाही आणि दाखल्यावर तेच मौन. लष्करी सेवेतून मिळणाऱ्या नागरिकत्वासाठी मात्र सेवा सन्मानपूर्वक असावी लागते. एका सैनिकाने न्यायालयात धाव घेतली, तेव्हा जुलै २०१८ मध्ये सैन्याने ही कारवाई स्थगित केली.

श्रोतेहो, सैन्याला माणूस नाकारण्याचा अधिकार असलाच पाहिजे. ज्याच्या हाती बंदूक द्यायची तो पारखून घ्यावा लागतो आणि प्रशिक्षण त्यासाठीच असते. पण पारख संपल्यावर कागदावर जे लिहायचे त्याचे उत्तरदायित्वही लिहिणाऱ्याकडे राहते. ब्राउन्सव्हिलच्या सैनिकांना शेऱ्याचा जाब विचारायला मंडळ नव्हते. आजच्या प्रशिक्षणार्थीला ते आहे. तिथे बहुतेकांना नकार मिळतो, हे खरे. तरी मंडळाला निर्णयाची कारणे लेखी द्यावी लागतात. ज्याला काढताना कोणी कारण सांगितले नव्हते, त्याला निदान ते वाचायला मिळते. मला वाटते, अर्ज करणाऱ्या पुष्कळांना पेन्शन किंवा पदक नकोच असते. आपण पळून आलो नव्हतो, एवढे कुठेतरी लिहिलेले त्यांना हवे असते.