लेसर अँजिओप्लास्टी (पायांच्या धमन्यांची)

पायाच्या चोंदलेल्या धमनीत लेसर किरणांनी वाट करून देणारा उपचार. एकट्या लेसरवर सहसा भागत नाही. वाट झाली की फुगा फुगवून ती रुंद करतात, गरज पडल्यास स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवतात.

पायाच्या धमन्या चोंदण्याच्या या विकारात थोडे चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की सुटतो. घरोघरी हे दुखणे वयावर ढकलले जाते, आणि तेवढ्यात मोलाचा काळ निघून जातो. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या ०.९० पटीहून कमी भरला, तर धमनी अरुंद झाल्याचे धरतात. तंबाखू आणि मधुमेह ही मुख्य कारणे. दुर्लक्ष झाले तर जखमा भरत नाहीत, बोटे काळी पडतात.

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी पाय कापू न देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतील धमनी नळीने मोकळी केली; अँजिओप्लास्टीची सुरुवात ती. १९८०च्या दशकातले पहिले लेसर उष्णतेने काम करत. धमनीची भिंत भाजे, कधी भोक पडे, आणि उघडलेली वाट पुन्हा बुजे. एक्सायमर लेसरने हे चित्र बदलले. हा अतिनील लेसर ऊतक न भाजता नेमके कापतो, हे १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी वाइन व ब्लम यांनी दाखवले. त्यासाठी त्यांनी वापरले होते सणाच्या जेवणातून उरलेले टर्कीचे मांस.

धमन्यांसाठी ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा झेनॉन क्लोराइड हा एक्सायमर लेसर वापरतात. त्याचा प्रत्येक स्पंद सुमारे ५० मायक्रॉन खोलवरच पोचतो. लेसर वाहून नेणारी बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, बहुधा जांघेतून घालतात. लेसर सुरू करण्यापूर्वी सलाइन सोडून टोकाजवळचे रक्त आणि एक्स-रेसाठीचे रंगद्रव्य धुऊन काढतात. रंगद्रव्य उरले तर किरण त्यातच शोषले जाऊन बुडबुडे फुटतात आणि भिंत चिरते. मग कॅथेटर सेकंदाला एक मिलिमीटरहूनही हळू सरकवतात. सगळे कसब या सावकाशपणात आहे.

जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा ऊतक वाढून धमनी बुजते, तेव्हा लेसर सर्वांत उपयोगी ठरतो. २५० रुग्णांच्या ‘एक्साइट आयएसआर’ चाचणीत लेसर आणि फुगा मिळून उपचार केलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना सहा महिन्यांत त्या जागी पुन्हा उपचार लागला नाही. नुसत्या फुग्याच्या गटात हे प्रमाण ५१.८ टक्के होते. दगडासारख्या कॅल्शियमपुढे मात्र लेसर थिटा पडतो. सुटलेले कण खाली वाहत जाऊन बारीक धमनी अडवू शकतात. शिवाय ज्यांचे दुखणे चालण्यापुरतेच आहे, त्यांना आधी तंबाखू सोडणे, औषधे आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा रोजचा व्यायाम हेच सांगितले जाते.