वजनाच्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी वजन परत वाढले तर

वजन कमी करण्याचे ऑपरेशन आता आपल्या लोकांना नवीन राहिलेले नाही. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ते करून घेतले, तेव्हा घरोघरी त्याची चर्चा झाली होती. ऑपरेशननंतर वजन उतरते तेव्हा सगळेच कौतुक करतात. पण पाच-सात वर्षांनी काट्यावरचा आकडा पुन्हा चढू लागला की माणूस गप्प होतो. डॉक्टरांकडे जात नाही, लग्नकार्य आणि हळदीकुंकूही टाळतो. "एवढा पैसा घातला आणि शेवटी काय झालं?" हे ऐकायची त्याला भीती वाटते. अशा सभासदांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आम्ही एकत्र करून देत आहोत.

थोडे वजन परत येणे अपेक्षितच

ऑपरेशननंतर साधारण १ ते २ वर्षांत वजन सर्वांत खाली जाते. त्यानंतर ते थोडे वाढते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या १-२ वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. १० वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे १२० किलोचा माणूस साधारण ८२ किलोपर्यंत आला आणि दहाव्या वर्षी ९० किलोवर स्थिरावला. ८ किलो परत आले, पण ३० किलो कमीच राहिले. याला ऑपरेशन फसले असे म्हणता येत नाही.

मात्र वजन महिन्यामागून महिना वाढतच असेल, किंवा साखर, रक्तदाब, घोरणे, गुडघेदुखी परत आली असेल, तर थांबू नये. पाच किलो वाढल्यावर दाखवणे सोपे, पंचवीस वाढल्यावर अवघड.

वजन का वाढते

लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. ऑपरेशनने तो आटोक्यात येतो, मुळापासून जात नाही. वजन उतरले की शरीर ते परत मिळवायला बघते. भूक वाढते आणि ऊर्जा कमी खर्च होते. लहान केलेले जठर काही वर्षांत थोडे सैल होऊ शकते. याशिवाय नेहमी दिसणारी कारणे अशी:

• दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकणे. एका वेळी जास्त खाता येत नाही, पण चिवडा, शेव, बिस्किटे सहज उतरतात.
• पातळ आणि गोड पदार्थ. दहा कप साखरेचा चहा, थंड पेये आणि रस यांनी पोट भरत नाही, वजन मात्र वाढते.
• दारू. बायपासनंतर ती लवकर चढते आणि सवय लागण्याचा धोकाही वाढतो.
• काही औषधे, उदाहरणार्थ इन्सुलिन, स्टेरॉइड, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या. ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.
• थायरॉइड, अपुरी झोप, उदासपणा, बाळंतपण, गुडघ्यामुळे थांबलेले चालणे.

पहिले काम : तुटलेली तपासणी पुन्हा सुरू करणे

आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे ३००. ऑपरेशन तिकडे होते. टाके भरले की पहिले वर्ष आपण जातो, पुढे शेती, दुकान, मुलांच्या परीक्षा यांत जाणे राहून जाते. वजन वाढण्याआधी बहुतेकदा ही तपासणी तुटलेली असते.

जुनी फाईल शोधा. स्लीव्ह झाले होते की बायपास, तारीख कोणती, सर्वांत कमी वजन किती होते, हे एका कागदावर लिहा. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर आणि थायरॉइड यांच्या तपासण्या गावाजवळ करून घेऊन रिपोर्ट सोबत न्या. म्हणजे लांबची एक फेरी वाचते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञांकडे जा, पण जा.

ताटात काय बदलावे

आधी वरण, उसळ, दही, पनीर, अंडे किंवा मासे खावेत. मग भाजी आणि शेवटी भाकरी किंवा भात. बहुतेकांना दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने सांगितली जातात. आपल्या भागात पिकणारे सोयाबीन आणि तूर इथे उपयोगी पडतात. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे. सावकाश चावून खावे. पुन्हा उपाशी राहून वजन उतरवायचा प्रयत्न करू नये, त्याने अशक्तपणा येतो. चालण्यासोबत ताकदीचा व्यायामही हवा. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर चालू ठेवाव्यात.

औषध आणि दुसरे ऑपरेशन

भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आली. ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनावरही डॉक्टर अशी औषधे देतात. मळमळ, उलटी होऊ शकते, आणि औषध थांबवल्यावर वजन परत येण्याची शक्यता असते. कुणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणू नयेत. जठराच्या रचनेत दोष दिसला तर एंडोस्कोपी किंवा दुसऱ्या ऑपरेशनचा विचार होतो. त्यात धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तो निर्णय शेवटी.

सतत उलट्या, पोटात जोराचे दुखणे, काळी शौच, पायांना मुंग्या किंवा चालताना तोल जाणे असे काही झाले तर वजनाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरच्यांना विनंती

महालक्ष्म्यांच्या जेवणात किंवा पोळ्याला "आणखी एक पुरणपोळी घ्याच" असा आग्रह नको. ताटात उरले म्हणून टोमणाही नको. वजनावर पाहुण्यांसमोर बोलू नये. तपासणीला सोबत जावे, आणि संध्याकाळी फिरायलाही सोबत निघावे. आपल्या माणसाने लपवायला लागू नये एवढी जागा घरात असली, तर तो वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोचतो.