तक्त्यांतून दिसलेला जॉर्जिया

सायन्स फेअरच्या कृपेने पोस्टर बोर्ड, मार्कर आणि रंगीत आलेख आता आपल्या घरोघरी परिचयाचे झाले आहेत. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी अशाच हाताने रंगवलेल्या आलेखांतून एका संपूर्ण समाजाचे जीवन जगापुढे मांडले गेले होते, ही हकिकत आपल्यापैकी अनेकांच्या कानावर आलेली नसेल. ज्या देशात आपण संसार थाटला, त्या देशाच्या इतिहासातले हे पान आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्राशीही जुळतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

इ. स. १९०० मध्ये पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात तिथे पाच कोटींच्या वर लोकांची हजेरी लागली. त्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचेही एक दालन असावे, यासाठी टॉमस कॅलोवे या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने खटपट केली आणि अमेरिकन काँग्रेसने त्यासाठी १५,००० डॉलर मंजूर केले. कॅलोवे यांनी सामाजिक पाहणीचा भाग आपल्या फिस्क विद्यापीठातील जुन्या मित्रावर सोपवला. हे मित्र म्हणजे अटलांटा विद्यापीठातील प्राध्यापक डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस. वय अवघे ३२. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे (१८९५) ते पहिले कृष्णवर्णीय.

त्यांनी नमुना म्हणून जॉर्जिया राज्य निवडले. १८९० च्या जनगणनेनुसार सर्वांत जास्त कृष्णवर्णीय याच राज्यात होते, ८,५८,८१५. हाताशी वेळ जेमतेम काही महिन्यांचा. विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी शाई व जलरंगांत साठीच्या आसपास तक्ते तयार केले. प्रत्येक तक्ता साधारण २८ इंच बाय २२ इंच. एका संचातील मजकूर इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही होता, कारण बघणारे पॅरिसचे! पैसे संपत आलेले, म्हणून ड्यु बॉइस स्वतः बोटीच्या सर्वांत स्वस्त वर्गाने तिथे पोहोचले आणि त्यांनी तक्ते लावून घेतले.

आता एवढी धडपड आलेखांसाठीच का? कारण आकडे हे त्या काळी या समाजाविरुद्धचे हत्यार झाले होते. फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतील संख्याशास्त्रज्ञाने १८९६ साली जाडजूड पुस्तक लिहून, हा समाज स्वातंत्र्यात तग धरणार नाही, तो नष्ट होण्याच्या वाटेवर आहे, असे आकडेवारीने 'सिद्ध' केले होते. ड्यु बॉइस यांनी त्या पुस्तकातील चुका तेव्हाच दाखवल्या होत्या. पॅरिसला त्यांनी आपल्या लोकांची बाजू त्याच भाषेत, म्हणजे आकड्यांत, मांडली.

काही तक्ते पाहू. एकात गुलाम आणि स्वतंत्र यांचे प्रमाण आहे. १७९० साली देशातील कृष्णवर्णीयांपैकी स्वतंत्र होते फक्त ८ टक्के, १८६० मध्ये ११ टक्के. सत्तर वर्षे काळा रंग जवळजवळ सगळा कागद व्यापतो आणि वरती हिरव्याची बारीक पट्टी. मग एकदम १८७० येते आणि १०० टक्के! यादवी युद्धाने काय केले ते एका दृष्टिक्षेपात कळते.

दुसऱ्या तक्त्यात शहर आणि खेडे आहे. दहा हजारांहून मोठ्या शहरांत राहणारे ७८,१३९, तर खेड्यापाड्यांत ७,३४,९५२, म्हणजे नऊपटीहून अधिक. इतकी लांब रेघ कागदावर सरळ मावणार कशी? म्हणून ती घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळली आहे. प्रयोगशाळेत रोज आलेख काढणाऱ्या माझ्यासारख्याला ही रेघ नियमाला सोडून वाटते, कारण गुंडाळलेली लांबी डोळ्यांना नीट मोजता येत नाही. परंतु हा समाज अजून शेतावर आहे, हे तिथून चालत जाणाऱ्या पॅरिसकरालाही समजले असणार.

मला सर्वांत आवडतो तो घरातील सामानाचा तक्ता. जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या घरच्या आणि स्वयंपाकघरातल्या सामानाची करासाठी ठरवलेली किंमत १८७५ साली होती २१,१८६ डॉलर, तर १८९९ मध्ये १४,३४,९७५ डॉलर. जी माणसे पूर्वी स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत असत, त्यांच्या नावावर आता खुर्ची, पलंग, चूल आली! आणखी एका तक्त्यात अटलांटातील १५० कुटुंबांचा जमाखर्च आहे. सर्वांत गरीब घरांत मिळकतीपैकी ४३ टक्के खाण्यावर जात, सर्वांत सुस्थितीतल्या घरांत २९ टक्के. उरलेल्या पैशांत धर्म, शिक्षण, आजारपण, पुस्तके, प्रवास, शिल्लक असे सगळे येते. वर छायाचित्रेही चिकटवली आहेत. एखाद्या प्रांताची संस्कृती म्हणजे फक्त सण आणि नाच नव्हे. घरात पैसा कसा येतो आणि कशावर जातो, हीसुद्धा संस्कृतीच.

पण हे नुसते प्रगतिपुस्तक नव्हते. शहरी मालमत्तेच्या आलेखात रेघ वर चढते, मध्येच अडखळते, आणि तिच्या बाजूने कारणे लिहिली आहेत: कू क्लक्स क्लॅनचा धुमाकूळ, राजकीय अशांतता, नवे उद्योग, लिंचिंग, मतदानाचा हक्क काढून घेणारे कायदे. हे शब्द पुस्तकी नव्हते. एप्रिल १८९९ मध्ये अटलांटाजवळ सॅम होज या कृष्णवर्णीय शेतमजुराला जमावाने हालहाल करून जिवंत जाळले. ड्यु बॉइस या प्रकरणी एक पत्र घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत त्यांना कळले की त्याच्या बोटांची हाडे एका किराणा दुकानात मांडून ठेवली आहेत. ते तिथूनच मागे फिरले. अशा वेळी शांतपणे शास्त्र करत बसता येणार नाही, असे त्यांना वाटू लागले. हे तक्ते त्यानंतरच्या वर्षात तयार झाले.

या कामासाठी ड्यु बॉइस यांना पॅरिसमध्ये सुवर्णपदक मिळाले. तक्ते आज वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहेत. मात्र आकड्यांनी सगळे सांगता येत नाही हेही ते जाणून होते. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात त्यांनी प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर आपल्या लोकांच्या दुःखगीतांची स्वरलिपी छापली.

आता महाराष्ट्राचा धागा. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. पुढे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागवली. अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हे त्यांनी त्यात नमूद केले होते. ड्यु बॉइस यांनी आस्थेने उत्तरही पाठवले.

आणि आपण? १९७० च्या अमेरिकन जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत होत असे. 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना १९८० मध्ये आला, तोही भारतीयांच्याच संघटनेने मागणी केल्यावर. आज आपल्याबद्दलचे आकडे भरपूर छापून येतात: पदव्या, पगार, घरांच्या किमती. सगळ्या रेघा वर जाणाऱ्या. ज्या घरी नोकरी गेली, व्हिसाच्या रांगेत वर्षे गेली, नातवंडांशी बोलायला आजीला शब्द सापडत नाहीत, ती घरे त्या रेघांत कुठेच दिसत नाहीत.

गणेशोत्सवात हॉलच्या भिंतीवर आपण दरवर्षी किल्ल्यांची चित्रे लावतो. यंदा त्यांच्या शेजारी आपल्याच कुटुंबांचे चार तक्ते लावावेत, असे मनात आहे. कोण कुठल्या गावाहून आणि कोणत्या साली आले, घरात कोणती भाषा किती चालते, डब्यात काय जाते, आणि कोणत्या वर्षी कशामुळे अडखळलो. नावे कोणाचीही नकोत. मुलांनी प्रश्न विचारावेत, आजी-आजोबांनी उत्तरे द्यावीत आणि रंग सगळ्यांनी मिळून भरावेत. फक्त, खाली आलेली रेघ कोणी खोडू नये.