तळटीप : ‘कार्बन न्यूट्रल’ आणि ‘नेट झीरो’
मूळ लेखकाने या दोन संज्ञा एकाच अर्थाने वापरल्या आहेत. वाचकांनी तसे समजू नये. ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणवणारी कंपनी स्वतःचा धूर तसाच ठेवून दुसरीकडच्या प्रकल्पाची क्रेडिट्स विकत घेऊ शकते. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. पण हवेतून प्रत्यक्ष काढलेला टन आणि ‘एरवी सोडला गेला असता’ असा केवळ अंदाजाने टाळलेला टन, दोन्ही एकाच मापाने खपतात. ‘नेट झीरो’त आधी उत्सर्जन शक्य तितके घटवायचे, उरलेलेच शोषायचे. क्रेडिटमुळे जंगले राखायला पैसा मिळतो, हे खरे. मग त्याला देणगी म्हणावे, वजाबाकी कशाला? अशा दाव्याचे एक उदाहरण : २०२२च्या कतार विश्वचषकाबाबतचा फिफाचा ‘कार्बन न्यूट्रल’ दावा स्वित्झर्लंडमधील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने २०२३मध्ये पुराव्याअभावी अमान्य ठरवला. – संपादक