लिनक्स : सीमाभागातील द्विभाषिक संगणकासाठी प्राथमिक परिचय

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी व कन्नड शेजारी नांदतात. येथील टंकलेखनाच्या दुकानात एकाच संगणकावर सरकारी अर्ज कन्नडमध्ये आणि लग्नपत्रिका मराठीत तयार होऊ शकते. अशा अनेक जुन्या संगणकांपुढे आता एक प्रश्न उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. ते नसलेला, पण अन्यथा धडधाकट असलेला संगणक भंगारात काढण्यापूर्वी लिनक्सचा विचार करणे हिताचे ठरते.

लिनक्स म्हणजे काय?

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहिला. तिचा स्रोत खुला असल्याने कोणालाही ती वापरता, तपासता, बदलता व वाटता येते. या गाभ्याभोवती निरनिराळे संच रचले गेले आहेत. डेबियन, उबंटू व मिंट हे त्यांपैकी प्रसिद्ध संच होत. आपल्याकडे सीडॅकच्या चेन्नई केंद्राने ‘बॉस’ हा भारतीय भाषांसाठीचा संच तयार केला. विंडोजला सरावलेल्या नवशिक्यास मिंट सोयीचा वाटतो, कारण त्याची मांडणी ओळखीची आहे. त्यास किमान २ जीबी रॅम व २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम असल्यास काम सुकर होते. फार जुन्या यंत्रासाठी त्याची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती निवडावी.

दोन लिप्या, एक कळफलक

सीमाभागातील वापरकर्त्यास येथे एक मोठी सोय आहे. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इनस्क्रिप्ट’ या प्रमाणित मांडणीत एका उच्चाराचे अक्षर प्रत्येक लिपीत एकाच कळेवर असते. इंग्रजी ‘के’ची कळ देवनागरीत ‘क’ देते आणि कन्नडमध्येही ‘क’च. ‘सी’वर ‘म’, शिफ्टसह ‘एन’वर ‘ळ’, आणि ‘डी’ने अक्षराचा पाय मोडतो. कन्नडमधील ऱ्हस्व ए व ऱ्हस्व ओ यांच्या कळा तेवढ्या निराळ्या शिकाव्या लागतात. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्या’ साधण्यासाठी शिफ्टसह ‘जे’ दाबून ‘ऱ’ घ्यावा, त्याचा पाय मोडावा आणि मग ‘या’ लिहावे.

कळफलकाच्या सेटिंगमधील ‘लेआउट’ या भागात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही मांडण्या जोडता येतात व ठरवून दिलेल्या कळांनी एकीवरून दुसरीवर जाता येते. याच यादीत ‘कगप’ नावाची उच्चारानुसारी मांडणीही आढळते. हे नाव कन्नड गणक परिषद या संस्थेचे संक्षिप्त रूप आहे. कन्नडसाठी रूढ झालेल्या या मांडणीचे मराठी रूपही लिनक्समध्ये उपलब्ध आहे. नुडीवर हात बसलेल्या टंकलेखकास ते जवळचे वाटेल. गोव्यातील वाचकांचे काम याहून सोपे, कारण कोकणी व मराठी या दोन्ही भाषांना देवनागरीची एकच मांडणी पुरते.

आधी जुन्या फायली

नव्या प्रणालीकडे जाताना खरा धोका जुन्या दस्तऐवजांना असतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, नुडी यांसारख्या साधनांतील फाँट वापरून लिहिलेल्या फायलींत मराठी वा कन्नड अक्षर स्वतःच्या रूपात साठवलेले नसते. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांना तो फाँट केवळ आपल्या लिपीचा मुखवटा चढवतो. फाँट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. वाटणीपत्राचा मसुदा असो वा शाळेचे जुने दाखले, मजकूर हाताशी असूनही तो वाचता येत नाही.

म्हणून जुनी प्रणाली चालू असतानाच प्रथम सर्व फायलींची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी, नंतर त्या युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. मराठी व कन्नड फायलींसाठी रूपांतराची साधने वेगळी असल्याने त्यांचे गठ्ठे आधीच निराळे करावेत. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे, नावे व आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ प्रतही ठेवावी. त्यामुळे मूळ स्वरूप कायम दिसत राहील.

प्रथम चाचणी, मग स्थापना

१. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवावी आणि ‘एचर’सारख्या साधनाने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. या कृतीत पेन ड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो.

२. संगणक सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप (यंत्रानुसार कळ बदलते) दाबून पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवावी. या अवस्थेत मूळ डिस्कला धक्का लागत नाही. मात्र येथे केलेले बदल यंत्र बंद होताच नाहीसे होतात.

३. वायफाय, ध्वनी, छपाईयंत्र व स्कॅनर तपासावेत. लिबरऑफिसमध्ये दोन्ही लिप्यांतील एकेक पान लिहून छापून पाहावे.

४. सर्व जुळले तरच स्थापना करावी. विंडोज राखून शेजारी लिनक्स बसवण्याचा पर्याय मिळतो. ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यास आधीचे सर्व नष्ट होते. बिटलॉकर चालू असल्यास त्याची पुनर्प्राप्ती-कळ आधीच लिहून ठेवावी.

मर्यादा

टॅलीसारखी केवळ विंडोजसाठी बनलेली सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीची काही साधने व काही छपाईयंत्रेही अडून बसतात. ज्याची रोजची कमाई अशा एखाद्या साधनावर अवलंबून आहे, त्याने दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात. पाठिंबा संपलेल्या विंडोजवर मात्र बँकेचे व्यवहार टाळावेत. तेवढे काम लिनक्सकडे सोपवावे. केवळ पत्रव्यवहार, इंटरनेट आणि द्विभाषिक टंकलेखन एवढीच गरज असल्यास ती भागवण्यास जुना संगणक लिनक्सच्या बळावर अजून काही वर्षे पुरेल.