जॉन क्विन्सी ॲडम्स : अर्जाच्या हक्काचा कैवारी

अधिकारपदावरून उतरलेल्या पुरुषाने उरलेले आयुष्य कसे घालवावे, याविषयी सर्वत्र काही संकेत असतात. कोणी शेतीवाडी पाहतो, कोणी आठवणी लिहितो, कोणी मौन धरतो. अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी यांतले काहीच पत्करले नाही. १८२९ साली त्यांची सत्ता गेली. १८३१ च्या डिसेंबरात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते प्रतिनिधिगृहातील एका साध्या बाकावर येऊन बसले. राष्ट्राध्यक्षपद भोगल्यावर त्या सभागृहात निवडून आलेला पुरुष त्या देशाच्या इतिहासात हा एकच. त्यांच्या चरित्राचा हा उत्तरभागच आम्हांस अधिक मननीय वाटतो. म्हणून पूर्वभाग थोडक्यात आटोपतो.

मॅसॅच्युसेट्समधील ब्रेनट्री गावी ११ जुलै १७६७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जॉन ॲडम्स हे पुढे देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. बंकर हिलच्या लढाईचा धूर आई ॲबिगेल यांच्यासमवेत टेकडीवरून पाहिला, तेव्हा मुलाला आठ वर्षेही पुरी झाली नव्हती. चौदाव्या वर्षी तो अमेरिकन वकिलाचा चिटणीस म्हणून रशियास गेला. पुढे हेग, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग आणि लंडन येथील वकिलाती, १८१४ चा गेंटचा तह, आणि १८१७ ते १८२५ पर्यंत परराष्ट्रमंत्रिपद. फ्लॉरिडा मिळवून देणारा १८१९ चा तह त्यांचाच, आणि मन्रो यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या १८२३ च्या घोषणेमागेही मुख्यतः त्यांचीच बुद्धी होती.

एवढ्या तयारीचा मनुष्य सर्वोच्च पदावर मात्र फसला. १८२४ च्या निवडणुकीत जॅक्सन यांना ९९ आणि ॲडम्स यांना ८४ निर्वाचक मते पडली. कोणासच बहुमत नसल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तेथे हेन्री क्ले यांच्या पाठिंब्यावर ॲडम्स विजयी झाले, आणि त्यांनी परराष्ट्रमंत्री नेमले तेही क्ले यांनाच. यात सौदा झाल्याचा पुरावा कोणी दिला नाही. पण लोकांना पुराव्याची गरजही वाटली नाही. १८२८ साली जॅक्सन यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला. पुढच्याच वर्षी थोरला मुलगा जॉर्ज आगबोटीवरून पडून दगावला. अशा स्थितीत प्लिमथ भागातील मंडळींनी उभे राहण्याविषयी विचारले. घरच्यांना ते रुचले नाही. लोकांचा प्रतिनिधी होण्यात कोणालाही कमीपणा येत नाही, असे ॲडम्स यांचे उत्तर होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ॲडम्स हे काही आजन्म गुलामगिरीविरोधी पुढारी नव्हते. खाजगी रोजनिशीत त्यांनी त्या प्रथेची कठोर निर्भर्त्सना केलेली आहे; पण इंग्रजांनी युद्धात सोबत नेलेल्या गुलामांची भरपाई अमेरिकन मालकांस मिळावी, म्हणून परराष्ट्रव्यवहारात खटपट करणारेही हेच गृहस्थ होते. हा दोष झाकण्याचे कारण नाही. १८३१ साली पेनसिल्व्हेनियातील क्वेकरांचे पंधरा अर्ज त्यांनी सभागृहात मांडले. राजधानीचा प्रदेश काँग्रेसच्या थेट अमलाखाली असल्याने निदान तेथली गुलामगिरी तिने बंद करावी, अशी त्यांत विनंती होती. ॲडम्स यांनी त्याच वेळी सांगून टाकले की या मागणीस आपला पाठिंबा नाही. तरीही अर्ज मांडले, कारण ते नागरिकांचे होते आणि तक्रार घेऊन सरकारपाशी जाण्याचा हक्क राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेला होता. पुढील तेरा वर्षांच्या झगड्याचे बीज आम्हांस या भूमिकेत दिसते.

अर्ज वाढू लागले, तसे दक्षिणेकडील सभासद अस्वस्थ झाले. २६ मे १८३६ रोजी ११७ विरुद्ध ६८ मतांनी ठराव झाला की, गुलामगिरीशी कोणत्याही प्रकारे संबंध असलेला अर्ज न छापता, समितीकडे न पाठवता बाजूला ठेवावा व त्यावर पुढे काहीही करू नये. लोकांनी याला तोंडात बोळा कोंबणारा नियम म्हटले, आणि नाव योग्यच होते. ॲडम्स यांना बोलू दिले गेले नाही. तेव्हा मतासाठी नाव पुकारले जाताच, हा ठराव राज्यघटनेचा, सभागृहाच्या नियमांचा व आपल्या मतदारांच्या हक्कांचा भंग आहे, असे त्यांनी ओरडून सांगितले. ठराव करणाऱ्यांचा हिशेब मात्र चुकला. गुलामगिरीविषयी उदासीन असणारी उत्तरेतील माणसेही आपल्या हक्काच्या नावाने जागी झाली, आणि लक्षावधी सह्यांचे अर्ज येऊ लागले.

६ फेब्रुवारी १८३७ चा प्रसंग तर मोठा गमतीचा आहे. बावीस गुलामांच्या म्हणविल्या जाणाऱ्या एका अर्जाला हा नियम लागू होतो काय, एवढेच ॲडम्स यांनी सभापतींना विचारले. सभागृहात एकच गदारोळ! गुलामाने अर्ज करावा, हीच कल्पना असह्य. निषेधाचे ठराव पुढे आले. मग ॲडम्स यांनी शांतपणे खुलासा केला की त्या अर्जातील मागणी गुलामगिरी बंद करण्याच्या अगदी उलट आहे. इतका वेळ गर्जना करणारे सभासद हास्यास्पद झाले. १८३८ च्या उन्हाळ्यात, स्त्रियांनी राजकारणात अर्ज करणे अशोभनीय आहे, असे एका सभासदाने म्हटल्यावर ॲडम्स यांनी बायबलातील डेबोरा आणि एस्तेर यांच्यापासून दाखले देत कित्येक सकाळी उत्तर दिले.

१८४० साली नियम अधिक कडक झाला : असे अर्ज स्वीकारूच नयेत. पण या वेळी मते ११४ विरुद्ध १०८. आकडेच पाहावेत, बाजू कशी ढासळत चालली होती हे त्यांत आहे. पुढच्याच वर्षी 'आमिस्टाड' जहाजावरील आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली आणि ते बंदिवान मुक्त झाले. त्या खटल्याची कीर्ती मोठी आहे. पण खरी कसोटी १८४२ च्या जानेवारीत लागली. हेव्हरिल गावच्या ४६ नागरिकांनी संघराज्य शांततेने विसर्जित करावे, असा अर्ज धाडला होता. ॲडम्स यांनी तो मांडला, आणि तो का मान्य करू नये याची कारणे देण्यासाठी समिती नेमावी, असे सुचविले. विरोधकांनी ही संधी साधली. सरन्यायाधीश मार्शल यांचे पुतणे टॉमस मार्शल यांनी निषेधाचा ठराव आणून जवळजवळ राजद्रोहाचाच आरोप केला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या वृद्धाने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आरंभ चिटणीसाकडून वाचून घेतला आणि दिवसामागून दिवस आपला बचाव चालविला. अखेर ७ फेब्रुवारीस १०६ विरुद्ध ९३ मतांनी तो ठरावच बाजूला ठेवण्यात आला. अर्जांसाठी योजलेली युक्ती अर्जांच्या शत्रूंनाच कामी आली, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

३ डिसेंबर १८४४ रोजी, त्यांच्याच सूचनेवरून, १०८ विरुद्ध ८० मतांनी तो नियम रद्द झाला. रोजनिशीत त्यांनी परमेश्वराचे आभार मानले आहेत.

त्यानंतरही ते सभागृहात येतच राहिले. मेक्सिकोच्या युद्धाला त्यांचा विरोध होता. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी त्या युद्धातील सेनानींच्या गौरवाचा ठराव मतास आला, तेव्हा त्यांनी स्पष्ट आवाजात 'नाही' म्हटले. थोड्याच वेळात ते बाकावर कोसळले. सभासदांनी त्यांना उचलून सभापतींच्या खोलीत नेले, आणि तेथेच दोन दिवसांनी, २३ फेब्रुवारीस, त्यांचे निधन झाले.